पाण्यातल्या 'फुकट विजे'च्या यंत्राला ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा

🌱 *सल्ला – सर्व सभासदांसाठी*



या आठवड्यात एकच व्हिडिओ मला चार सभासदांनी पाठवला. पाण्याने भरलेली उंच टाकी, आत साखळीला लावलेले रिकामे पिंप. पिंप वर येतात, चाक फिरतं, बल्ब लागतो. "डिझेल नको, बिल नको!" एका काकांनी तर विचारलं, बुकिंगला किती भरू? म्हणून आज फवारणीऐवजी हा विषय.

*१) पाण्यात जोर असतो का?*
असतो. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना वेगळं सांगायला नको. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. आर्किमिडीजने हे २२०० वर्षांपूर्वीच सांगितलंय. १०० लिटरच्या रिकाम्या पिंपाला साधारण १०० किलोचा जोर मिळतो.

*२) मग गोम कुठे आहे?*
पिंप वर आलं. आता ते परत तळाशी कसं न्यायचं?

▪️ वरून दाबून नेलं, तर वर येताना मिळालेली ताकद तेवढीच खर्च होते.
▪️ टाकीच्या तळाच्या दारातून आत सारलं, तर १०० लिटर पाण्याला जागा सोडावी लागते. ते जाणार कुठे? वर. म्हणजे १०० लिटर पाणी टाकीभर उंच उचलल्याएवढंच काम.
▪️ तळाशी हवा भरली, तर कॉम्प्रेसर लागतो. १० मीटर खोलीवर १०० लिटरचं पिंप भरायला बाहेरची २०० लिटर हवा दाबावी लागते. उत्तमातला उत्तम कॉम्प्रेसर त्याला १४ किलोज्यूल खाणार; पिंप वर येताना देणार १०. फुगणारी पिशवी लावली तरी फार तर बरोबरी. वर साखळी, बेअरिंग, पाण्याचं घर्षण, जनरेटर यांची घट वेगळीच.

थोडक्यात, खिशातले शंभर काढून नव्वद परत घ्यायचे, हा धंदा आहे.

*३) हिशोब करून बघा*
एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. पिंप परत तळाला फुकट गेलं असं धरलं, तरी एका युनिटसाठी ते १० मीटर वर सुमारे ३६७ वेळा यावं लागेल. ५ एचपीची मोटर तासाला पावणेचार युनिट खाते. म्हणजे मिनिटाला २३ फेऱ्या!

*४) "मग कोयनेला वीज कशी होते?"*
हा प्रश्न हमखास येतो. तिथे पाणी उंचावरून खाली पडतं. ते वर चढवायचं काम सूर्याने आणि पावसाने केलेलं असतं. टाकीतलं पाणी मात्र जागच्या जागीच असतं. बाहेरून काही आलं नाही, तर बाहेर काही जाणार नाही. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने अशी 'आपोआप चालणारी' यंत्रं तपासणंच १७७५ साली बंद केलं होतं.

*५) विकणारा आला तर एवढंच सांगा*
✅ "बाहेरची वायर, बॅटरी, कॉम्प्रेसर सगळं काढा आणि माझी मोटर २४ तास चालवून दाखवा."
✅ "चाचणी माझ्या शेतात, पैसे चाचणीनंतर."
❌ ॲडव्हान्स, टोकन, 'डीलरशिप' काहीही नाही. ओटीपी तर नाहीच.

*६) विजेची अडचण खरी आहे, हे मला माहीत आहे*
रात्री दोनला उठून पाणी द्यावं लागतं, म्हणूनच असे व्हिडिओ खरे वाटतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तोच पैसा सौर पंपाकडे वळवा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात. अर्ज फक्त महावितरणच्या अधिकृत पोर्टलवर. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून नको.

सातबारा आणि आधार घेऊन ऑफिसला या, अर्ज सोबत बसून भरू. आणि कोणी आधीच पैसे भरले असतील, तर गप्प बसू नका. पावती, स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की पैसे परत मिळणं अवघड होतं.

हा मेसेज शेजारच्या बांधावरही पोचवा. 🙏

– आपला कृषी सल्लागार