२.४ नाशिक महानगर क्षेत्र : एक परिसर, अनेक कायदे
नाशिक रोडहून देवळाली कॅम्पमार्गे भगूरला जाताना आपण तीन कायद्यांच्या हद्दी ओलांडतो. महानगरपालिकेला १९४९ चा, भगूर नगरपरिषदेला १९६५ चा राज्य अधिनियम लागू आहे. देवळालीच्या कटक मंडळाला २००६ चा केंद्रीय कायदा. सांडपाणी मात्र हद्द पाळत नाही! म्हणूनच २०१६ च्या अधिनियमान्वये नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. येथे एक पेच उद्भवतो. ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार महानगर नियोजन समितीचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निर्वाचित सदस्य व पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातूनच निवडावयाचे असतात. प्राधिकरणाची रचना मात्र राज्य शासनाच्या हाती असते. ज्याच्या शेतातून आराखड्यातील रस्ता जातो, त्याने दाद कोणाकडे मागावी?

स्वाध्याय : आपले गाव वा प्रभाग कोणत्या अधिनियमाखाली येतो, ते शोधून लिहा.