पोतीत अडकलेला केस

आमच्या अंबड तालुक्यात बायका गळ्यातली पोत सहसा काढत नाहीत. रानात, चुलीपुढे, झोपेतही ती गळ्यातच असते. मानेवरचे बारीक केस, तेल आणि घाम एकत्र आले की कड्यांच्या फटीत केस शिरायचाच. साखळी जितकी नाजूक, तितका तो लवकर शिरतो.

माझ्या जाऊबाईंची पोत कापूस वेचताना तुटली. कुठे अडकली नव्हती, कुणी ओढली नव्हती. एक वाटी पायाशी सापडली, दुसरी काळ्या रानाच्या भेगेत गेली ती कायमची. सराफाने तुटलेली जागा भिंगाखाली दाखवली तेव्हा कळलं, कडी ताणून लांबट झाली होती आणि तिचं तोंड उघडलं होतं. त्याआधी दिवाळीत मानेशी केस गुंतले होते आणि घाईत कुणीतरी हिसका देऊन ते सोडवले होते. त्या दिवशी साखळी धडधाकट दिसली, म्हणून पुन्हा कुणी पाहिलं नाही. हिसक्याने झालेलं नुकसान असं उशिरा, भलत्याच ठिकाणी उघड होतं.

केस आपल्याला वाटतो तितका दुबळा नसतो. एक निरोगी केस सुमारे १०० ग्रॅमचा भार पेलतो. पाच-सहा केस मिळून ओढले गेले तर अर्ध्या किलोची ओढ एका बारीक कडीवर येते. २२ कॅरेट सोन्यात ९१.६ टक्के सोनं असतं. ते मऊ असल्यामुळे केस तुटण्याआधीच कडी वाकू शकते.

आत्याबाईंच्या पोतीचा घात आगीने केला. एका कारागिराने ‘केस जाळून टाकू, क्षणाचं काम’ म्हणत लायटर धरला. त्यांचे सोन्याचे मणी लाखेवर चढवलेले होते. लाख ८० अंशांच्या आसपास पाघळते, ज्योतीची धग त्याहून कितीतरी पट असते. लाख भोकातून बाहेर आली, मणी आतून पोकळ झाला आणि नंतर बोटाच्या दाबानेही चेपला. शिवाय केस जळून नाहीसा होत नाही. त्याची काळी गोळी होऊन ती कडीतच चिकटून बसते. काळे मणी प्लास्टिकचे असतील किंवा पोत दोऱ्यात ओवलेली असेल, तर विचारायलाच नको.

केस डोक्याला धरून असतील तर मान हलवू नका, दुसरीला बोलवा. तिने आधी फासा उघडून पाहावा. तो उघडत नसेल तर साखळीला लागून नखं कापायच्या कात्रीने केस कापावेत. चार केसांसाठी जीव जाळू नका, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने ते परत वाढतात.

पोत गळ्यातून निघाली की दिवसाच्या उजेडात पांढऱ्या ताटलीत पसरा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिलं तर केसाचा वेढा नेमका कुठून कुठे गेलाय ते दिसतं. आता मुख्य गोष्ट: लांब टोक धरून ओढायचं नाही, कारण त्याने वेढा आणखी आवळतो. वेढ्याखाली बारीक सुई आडवी सरकवा, केस किंचित उचला आणि तिथेच कापा. जितके तुकडे कराल तितकं पुढचं काम सोपं. मग प्रत्येक तुकडा चिमट्याने त्याच्या जवळच्या टोकाकडून काढा. फारच घट्ट बसला असेल तर सुईच्या टोकावर खोबरेल तेलाचा थेंब घेऊन लावा आणि थोडं थांबा.

उरलेला मळ धुवायला रिठ्याचं कोमट पाणी आणि लहान मुलाचा मऊ ब्रश पुरतो. धुवायचं ते वाटीत. मोरीवर किंवा बेसिनमध्ये मणी गेला की गेला. मोत्याचा, लाखेचा किंवा दोऱ्यात ओवलेला दागिना मात्र भिजवू नका, ओलसर कापडाने पुसा. एक ग्रॅमच्या दागिन्यावर ब्रश घासू नका, मुलामा उतरतो. केस विरघळवायला ब्लीचिंगचं पाणी वापरायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. त्यातला क्लोरिन सोन्यात मिसळलेल्या तांब्या-चांदीवर हल्ला करतो आणि झाळलेले जोड कमजोर होतात.

केस फाशाच्या आत, स्प्रिंगमध्ये शिरला असेल तर घरी खटपट न करता सराफाकडे जा. ‘जालना सोन्याचा पाळणा’ म्हणणारा आपला जिल्हा, चांगल्या हाताच्या कारागिरांना इथे तोटा नाही. फक्त पोत देताना आणि घेताना वजन समोर करून घ्या आणि ‘जाळू नका’ हे आधीच सांगा. फाशाजवळच्या कड्या भिंगातून बघायला लावा, झीज बहुतेक तिथेच असते. एखादी कडी उघडलेली दिसली तर त्याच वेळी झाळून घ्या. आणि तो ‘आलीच आहे तर पॉलिशही करून देतो’ म्हणाला, तर केसापुरतं त्याचं काही काम नाही. प्रत्येक पॉलिशमध्ये सोन्याचा थोडा अंश जातोच.