मान डोलावणारी मूर्ती

तंजावरची बाहुली तुम्ही पाहिली असेल. टिचकी मारली की कितीतरी वेळ मान डोलावत राहते. तिची एक चुलतबहीण जर्मनीत माइसेन येथे जन्मली.

चीनमधील पांढरीशुभ्र भांडी युरोपात फार महाग असत. ती कशी करतात, हे तिकडे कोणाला ठाऊक नव्हते. १७०८ च्या सुमारास चिर्नहाउस व बटगर यांनी ते कोडे सोडवले. केओलिन ही पांढरी माती, तिच्यात वितळून काचेसारखे होणारे खनिज आणि सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापमान, हे त्यातले मर्म. वितळलेला भाग कणांमधील पोकळ्या भरतो, म्हणून चिनी मातीत पाणी मुरत नाही.

माइसेनचा कारखाना १७१० मध्ये निघाला. तेथील कारागिरांनी चीनच्या ढेरपोट्या, हसऱ्या बूदाईवरून मूर्ती घडवल्या. आज दुकानांत दिसणारा ‘लाफिंग बुद्ध’ तो हाच. चीनमधील पूजनीय मूर्ती तेथे दिवाणखान्याची शोभा झाली! या मूर्तींना ‘पॅगोड’ म्हणत. हा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला. ते आशियातील देवळांना व देवमूर्तींना ‘पागोद’ म्हणत. आमच्या गासजवळच्या वसईवर १५३४ ते १७३९ त्यांचेच राज्य होते.

पुढे १७६० च्या सुमारास केंडलर या शिल्पकाराने मान व हात हलणारे पॅगोड केले. त्यांत ना चावी, ना स्प्रिंग! डोके मानेच्या खाचेत आडव्या दांडीवर टेकलेले असते आणि खाली, पोकळ शरीरात, वजन लोंबत असते. त्यामुळे गुरुत्वमध्य टेकूच्या खाली राहतो. डोके कलले की गुरुत्वमध्य वर उचलला जातो व परत खाली येऊ पाहतो. हाच स्थायी समतोल.

करून पाहा : कागदाच्या घट्ट सुरळीच्या मध्यावर टाचणी आडवी टोचा. वरच्या टोकाला मातीचा गोळा, खालच्या टोकाला त्याहून थोडा मोठा गोळा लावा. टाचणी दोन पुस्तकांच्या चळतींवर टेकवून सुरळी मधल्या फटीत लोंबू द्या व हलका धक्का द्या. आता खालचा गोळा थोडाथोडा वर सरकवा. डोलणे संथ होत जाईल, कारण गुरुत्वमध्य टेकूच्या जवळ येतो. तो टेकूच्या वर गेला, की डोके उलटेल.

विचार करा : भट्टीत चिनी माती सुमारे एक षष्ठांशाने आटते. डोके, दांडी व वजन सारख्याच प्रमाणात आटले, तर समतोल बिघडेल का? आणि आंदोलनकाल वाढेल की कमी होईल? साध्या लंबकाचे सूत्र आठवा.