भूक, चरबी आणि शुगर : सडपातळ माणसालाही का होते?

शुगर तपासायला बोलावले की सडपातळ माणसे मागे सरतात. "आमच्या अंगावर मांस कुठे आहे? शुगर जाड्यांना होते," असे गोंडपिपरीच्या वस्त्यांत आम्हाला हमखास ऐकायला मिळते. हा समज घातक आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे वरून बारीक, आतून चरबी. आईच्या पोटातील कुपोषण पुढे शुगरच्या रूपाने समोर येऊ शकते. म्हणून सर्वांचे उरकल्यावर उरलेसुरले खाणारी गरोदर सून हा साऱ्या घराच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. ती रक्तात संप्रेरके, म्हणजे निरोप पोचवणारी रसायने सोडते. १९९४ मध्ये अमेरिकेत लेप्टिनचा शोध लागला. "साठा पुरेसा आहे, खाणे आवर," हा त्याचा मेंदूला निरोप. चरबी फार वाढली की लेप्टिनही वाढते, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. अ‍ॅडिपोनेक्टिन हे दुसरे संप्रेरक इन्सुलिनला मदत करते. पोटावरची चरबी वाढली की ते घटते. मग इन्सुलिन असूनही साखर पेशींत नीट शिरत नाही, रक्तातच राहते.

पोट आणि आतडीही निरोप धाडतात. जेवणाआधी जठरातून घ्रेलिन सुटते, त्याने भूक लागते. अन्न आतड्यात उतरले की जीएलपी-१ सुटते. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जठर सावकाश रिकामे करते आणि मेंदूला "पुरे" सांगते. हा निरोप पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. घाईघाईने भाताचे ताट रिकामे केले, तर "पुरे" ऐकू येण्याआधीच दुसऱ्यांदा वाढून झालेले असते. हल्ली गाजणारी वजन कमी करण्याची महागडी इंजेक्शने याच जीएलपी-१ची नक्कल आहेत. डॉक्टरांशिवाय ती घेऊ नयेत.

संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात कोसलराजा पसेनदीची गोष्ट आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकणाऱ्या राजाला तथागतांनी मात्रा ओळखून जेवायला सांगितले. राजाने भात एकदम सोडला नाही, हळूहळू कमी केला. आपणही तेच करावे. आधी भाजी, वरण, उसळ किंवा अंडे खावे, भात शेवटी आणि बेताचा घ्यावा. सावकाश चावावे. गोड चहाच्या फेऱ्या कमी कराव्यात. जेवणानंतर थोडे चालावे. झोप मोडली की भूक वाढते, म्हणून रात्रीचे जागरण टाळावे.

एक सावधगिरी मात्र हवी. वर्षावासात उपोसथाला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणारे उपासक-उपासिका आपल्यात आहेत. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जेवण चुकले आणि औषध घेतले, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, घाबरल्यासारखे वाटले तर लगेच साखरपाणी द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. मिरची तोडायला तेलंगणात जाताना महिन्याभराच्या गोळ्या सोबत ठेवा. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नका.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. प्रकृती ढासळलेली असताना ते १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला येऊन आपल्याला धम्मदीक्षा देऊन गेले. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच ते गेले. शुगर किती झिजवते हे आपल्या समाजाने जवळून पाहिले आहे.

वय तीसच्या पुढे असेल तर आशाताईंकडे नाव द्या, उपकेंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात शुगर तपासा. घरी सुतळीने कंबर मोजा : बाईची ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषाची ९० च्या वर असेल, तर अंगाने बारीक दिसत असलात तरी पहिल्या रांगेत या. जय भीम!