मणक्याचा एमआरआय: पैसा कुठे घालावा, कुठे राखावा

चिंचेवरून पडलेला किंवा हुमनाबादजवळ हायवेवर धडक बसलेला माणूस पाय हलवेना, की घरच्यांच्या तोंडी एकच प्रश्न: परत चालेल का? उत्तरासाठी भालकी-औरादचं कुटुंब कर्ज काढून हैदराबादचा भारीतला एमआरआय करायलाही तयार होतं. माझं म्हणणं, थोडं थांबा.

साधा एमआरआय पुष्कळ सांगतो. खासगी सेंटरात मणक्याच्या एका भागाला अंदाजे ५ ते ८ हजार लागतात, पूर्ण कण्याला त्याहून बरेच जास्त. बिदरचं ब्रिम्स किंवा कलबुर्गीचं जिम्स या सरकारी दवाखान्यांत रेशन कार्डावर होतो का, ते आधी विचारा. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन अपघातात सहसा लागत नाही. बिलात दिसलं तर कारण विचारा. आणि फिल्मवर भागवू नका, मूळ चित्रांची सीडी मागून घ्या.

डॉक्टर एमआरआयमध्ये मज्जारज्जूत रक्तस्राव आहे का आणि सूज किती लांब आहे, हे बघतात. रक्तस्राव असेल तर आशा कमी. साधारण महिन्याभराने पुन्हा काढलेल्या एमआरआयमध्ये जखमेच्या पुढे-मागे शाबूत राहिलेल्या पेशींची पट्टी मोजता येते. ती जितकी रुंद, तितकी सुधारणेची शक्यता जास्त. झुरिकच्या संशोधकांनी पुढे आणलेलं हे मोजमाप साध्या चित्रांवरच होतं. मज्जातंतूंचे धागे दाखवणारा डीटीआय हा प्रगत प्रकार अजून मुख्यतः संशोधनातला आहे. त्यावरून एका रुग्णाचं भविष्य ठरवता येत नाही, म्हणून निव्वळ त्यासाठी प्रवास नको. कुठल्याही एमआरआयइतकीच महत्त्वाची असते ती हाताने केलेली तपासणी: संवेदना कुठवर आहे, गुदद्वाराजवळ स्पर्श कळतो का. ती ७२ तासांनी पुन्हा करायला सांगा. मज्जारज्जूवरचा दाब काढायचं ऑपरेशन ठरलं असेल, तर ते शक्यतो २४ तासांत व्हावं; जास्तीच्या स्कॅनसाठी ते लांबवू नका.

बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलला पॅकेजच्या, म्हणजे त्या उपचाराच्या ठरलेल्या दराच्या, ३० टक्के. भरती असताना काढलेला एमआरआय पॅकेजात धरतात का, हे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनीसाकडून, म्हणजे आरोग्यमित्राकडून, आधीच वदवून घ्या. रस्ता अपघातात केंद्राच्या २०२५ च्या योजनेतून ठरलेल्या दवाखान्यात ७ दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार होतात. पोलिसांत नोंद लगेच करा. सोलापूर-लातूरला नेत असाल तर महाराष्ट्राच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही विचारा. सीमाभागातल्या ८६५ गावांना ती लागू करायचा निर्णय महाराष्ट्राने २०२३ मध्ये घेतला आहे.

वाचलेले पैसे पुढच्या सहा महिन्यांसाठी ठेवा, कारण बहुतेक सुधारणा याच काळात होते. दोन-चार हजारांची हवेची गादी, लघवीच्या नळ्या, रोजचा फिजिओ. दर दोन तासांनी कूस बदला, त्याला पैसे लागत नाहीत. पाठीवरची जखम चिघळली, तर तिच्या उपचाराचा खर्च एमआरआयच्या कितीतरी पट होतो. चांगल्या पुनर्वसनासाठी मुंबईला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. जाताना ती सीडी सोबत न्या.