मेणबत्ती आधी, समीकरण नंतर



तुझं पत्र मिळालं. नववी-दहावीचं रसायनशास्त्र तुझ्याकडे आलं, हे वाचून फार आनंद झाला. मुलं संयुजा घडाघडा म्हणतात, समीकरणं संतुलित करतात, पण त्यांना त्यात काही गोडी वाटत नाही, असं तू लिहिलं आहेस. सोनू, प्रश्न पडायच्या आधीच आपण त्यांच्या हातात उत्तर ठेवतो. आधी पदार्थ दिसू दे, नाव मागाहून सांग.

सुरुवात मेणबत्तीपासून कर. ज्योत स्थिर झाली की हलकेच फुंकर घालून विझव. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर चढेल. वातीपासून बोटभर वर, त्या रेघेला जळती काडी लाव. ज्योत धुरातून खाली धावते आणि वात पुन्हा पेटते. काडी तर वातीला लागलेलीच नसते! इथे तू लगेच बोलू नकोस. नेमकं जळलं काय, यावर मुलांना आपसात वाद घालू दे. मेणाची वाफ जळते, इथपर्यंत कुणीतरी पोचतंच. मग ज्योतीवर थंड, कोरडा काचेचा पेला उपडा धर, आतून दव धरेल. त्याच पेल्यात चुन्याची निवळी घालून हलव, ती दुधाळ होईल. चमचा पिवळ्या ज्योतीत धरलास की काजळी धरेल. एवढं पाहिल्यावर फळ्यावरचं समीकरण मुलांना आपलं वाटतं.

हे प्रयोग मायकेल फॅरेडेने 1860 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर करून दाखवले होते. तो लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा. हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकून त्याने टिपणं काढली, स्वतः बांधली आणि डेव्हीलाच पाठवली. 1813 मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येच मदतनीस म्हणून लागला. ज्यांच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत, अशा मुलांना ही गोष्ट जरूर सांग. इतिहास म्हणजे धड्याच्या कडेच्या चौकटीतला फोटो आणि जन्म-मृत्यूची सालं नव्हेत. लॅव्हाझिएने 1774 मध्ये बंद भांड्यात कथिल तापवलं आणि भांड्यासकट वजन बदलत नाही हे दाखवलं. आरतीतला कापूर जळून गेल्यावर त्याचं काय झालं, हे मुलांना विचारलंस की लॅव्हाझिएचा तराजू कशासाठी होता ते त्यांना उमगेल.

आता रसायनशास्त्राच्या तासाला कविता कशी आणायची, त्याबद्दल. संयुजांची यमकं जुळवून पाठ करून घेणं म्हणजे कविता नव्हे, ती पाठांतराची सोय आहे. 1807 मध्ये सोडियम आणि पोटॅशियम वेगळे करणारा हा डेव्ही स्वतः कविता करायचा, आणि कवी कोलरिज त्याच्या व्याख्यानांना जाऊन बसायचा. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’त मीठपण सोडून सिंधू झालेलं मीठ दाखवलं आहे. ती ओवी वर्गात वाच. मग मुलांना थाळीत मिठाचं पाणी उन्हात ठेवायला सांग आणि उरलेले चौकोनी कण भिंगातून बघू दे. मीठ परत आलं, मग ओवी खोटी का? हा प्रश्न कुणीतरी विचारेलच. तू निवाडा देऊ नकोस. ज्ञानेश्वर कशाविषयी बोलत होते आणि आपण काय मोजलं, हे मुलांना त्यांच्या शब्दांत लिहू दे. प्रत्येक प्रयोगानंतर चार ओळी लिहून घे, पण एक अट घाल: ‘सुंदर’, ‘छान’ हे शब्द चालणार नाहीत. रंग कोणता, वास कसा, आधी काय झालं, मग काय झालं, ते लिहायचं. कवीला आणि रसायनशास्त्रज्ञाला लागते ती नजर एकच, असं मी मनापासून मानते.

प्रयोग करताना केस बांधलेले, ओढणी खोचलेली, वाळूची बादली जवळ. आणि आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीही नाही. यात सूट नाही.

पोर्शन पुरा होणार नाही, असं मुख्याध्यापक म्हणतील. त्यांना एकदा वर्गात बसवून घे. मेणबत्तीला दोन तासिका गेल्या तरी ज्वलन, अवस्थांतर, वस्तुमान अक्षय्यता आणि कार्बनी संयुगांची ओळख एवढं त्यात होतं. पुढचे धडे भरभर जातात.

दिवाळीत येताना मुलांच्या त्या चार-चार ओळींच्या वह्या घेऊन ये. मला वाचायच्या आहेत.

तुझी,
आत्या