आपण कुठं आहोत, हे कुणाला ठाऊक आहे?

थायलंडला एकटीनं जायचंय, तिथं आपल्यासारख्यांना कसं वागवतात, असं विचारणारे फोन मला अधूनमधून येतात. बहुतेक मुलींचे, कधी मुलांचे. हवामान, तिकिटं, राहायचं कुठं, हे सगळं मी सांगते, पण त्याआधी एक विचारून घेते: घरी काय सांगून निघणार आहेस? उत्तरं ठरलेली असतात. ऑफिसचं ट्रेनिंग आहे बंगळुरूला. कॉलेजच्या मैत्रिणीचं लग्न आहे. एकानं तर गोव्याच्या हॉटेलचं बुकिंग करून ते आईला पाठवून ठेवलं होतं.

ही लपवाछपवी मला परकी नाही आणि तिच्याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही. ज्या घरात स्वतःबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट बोलता येत नाही, तिथं प्रवासाबद्दल खरं कसं बोलणार? पण परदेशात एकट्या माणसावर काही बेततं, तेव्हा बहुतेक वेळा तो देश वाईट नसतो. आपण तिथं आहोत हेच कुणाला माहीत नसतं, आणि साधं दुखणंही त्यामुळं हाताबाहेर जातं. हे मी चियांग माईच्या एका हॉस्पिटलात पडून अनुभवलं आहे, म्हणून लिहिते.

आधी त्या देशाबद्दल. थायलंडविषयी जे चांगलं ऐकलं असेल ते बरंचसं खरं आहे. समलिंगी संबंध तिथं १९५७ मध्ये लागू झालेल्या दंडसंहितेपासून गुन्हा नाहीत. २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी जोडप्यांना रीतसर लग्नाची नोंदणी करता येते. आग्नेय आशियात असा कायदा करणारा हा पहिला देश. पण कायद्यापेक्षा मला आठवतो तो बँकॉकच्या मेट्रोचा डबा. आखूड केसांची, शर्ट-पँटमधली मुलगी मैत्रिणीची पर्स स्वतःच्या खांद्याला लावून उभी आहे, मैत्रीण तिच्या दंडाला टेकून पेंगते आहे, आणि डब्यातलं कुणीही मान वर करून बघत नाही. अशा मुलींना तिथं टॉम म्हणतात, त्यांच्या मैत्रिणींना डी. ऑफिसात, दुकानात, भाजीबाजारात त्या सगळीकडं दिसतात. पुण्यात बसमध्ये चढताना माझ्या आखूड केसांवर, चालण्यावर नजरा पडतात आणि त्यांची इतकी सवय झालेली असते की त्यांचं ओझं जाणवेनासं होतं. तिथं ते उतरलं, तेव्हाच ते होतं हे कळलं. त्या डब्यात मला रडू आलं.

तरीही पर्यटन खात्याच्या जाहिरातीतलं थायलंड म्हणजे सगळं थायलंड नव्हे. पारलिंगी स्त्रीला ओळखपत्रावरचं ‘श्री’ अजून बदलता येत नाही. एप्रिलमध्ये होणाऱ्या लष्करभरतीच्या सोडतीला पुरुषांच्या रांगेत तिलाही हजर व्हावं लागतं. चियांग माई आज कितीही निवांत वाटलं, तरी तिथला प्राइड मोर्चा २००९ मध्ये जमावानं अडवून बंद पाडला होता आणि तो पुन्हा निघायला २०१९ साल उजाडावं लागलं. रस्त्यात मिठ्या मारणं, चुंबन घेणं हे तिथं स्त्री-पुरुष जोडप्यांनाही शोभत नाही असं मानतात. हात धरून चाला, कुणी काही म्हणणार नाही. बाकीचं खोलीत. आणि सिलोम भागातल्या ज्या गल्ल्यांची नावं सगळे सांगतात, सोई दोन, सोई चार, त्या मुख्यतः पुरुषांच्या. बायकांसाठीची ठिकाणं थोडी आहेत, उघडतात आणि बंदही होतात, तेव्हा जायच्या आठवड्यात ताजी चौकशी करूनच निघा.

चियांग माईला मी पावसाळ्यात गेले होते. फेब्रुवारी ते एप्रिल आसपासची शेतं आणि जंगलं जळत असतात, धुरानं डोंगर दिसत नाहीत, श्वास कोंडतो, म्हणून ते महिने मी टाळते. पावसाळ्यात शहर हिरवंगार असतं, गर्दी नसते, खोल्या स्वस्त मिळतात. डासही असतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, पण सुट्टीवर असताना लक्षात कुणाच्या राहतं?

दोई सुथेप डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्या उतरताना अंग मोडून आलं. संध्याकाळी ताप चढला, डोळ्यांच्या मागं ठणका लागला. बॅगेत आयबुप्रोफेन होती, ती घेतली नाही. डेंग्यूची शंका असेल तर ती आणि अॅस्पिरिन घेऊ नयेत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, एवढंच. रात्रभर ते केलं. सकाळी उठून उभी राहिले तर भिंत धरावी लागली. गेस्ट हाउसच्या मावशींनी गाडी बोलावली आणि स्वतः सोबत आल्या.

खासगी हॉस्पिटल स्वच्छ होतं, माणसं प्रेमळ होती, पण दाखल करून घेण्याआधी विमा कंपनीची हमी नाहीतर मोठी अनामत हवी होती. अनेक देशांत खासगी हॉस्पिटलं असंच करतात. मग फॉर्म आला. अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं? नाव, नातं, फोन. तापात ते अक्षर हलत होतं. आईबाबा सांगलीला, त्यांच्या लेखी मी हैदराबादला. मी पुण्यातल्या मैत्रिणीचं नाव लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, मैत्रीण. काउंटरवरच्या मुलीनं ते वाचलं, मान डोलावली आणि पुढचा कागद सरकवला.

त्या नावामुळं मी निभावले. तिच्याकडं माझ्या पासपोर्टची प्रत होती, विम्याचा पॉलिसी क्रमांक होता, गेस्ट हाउसचा पत्ता होता, माझा रक्तगट आणि मला कशाची अॅलर्जी आहे हेही होतं. भारतातून विमा कंपनीचा माणूस तिला विचारत होता, तुम्ही कोण, घरचं कुणी नाही का? ती न चिडता सांगत राहिली की त्यांनीच माझं नाव दिलंय, क्रमांक लिहून घ्या. दुपारपर्यंत हमीचं पत्र आलं. प्लेटलेट खाली जात होत्या तेव्हा रोज सकाळी डॉक्टरांशी तीच बोलायची, कारण माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं. ती नसती तर फोन सांगलीला गेला असता. मुलगी हैदराबादला नाही, परदेशात आहे, एकटी आहे, हॉस्पिटलात आहे, हे सगळं आईला एका दमात एका अनोळखी माणसाकडून कळलं असतं. नाहीतर दुसरं, याहून वाईट: फोन कुणालाच गेला नसता.

म्हणून मी आग्रहानं सांगते, तुम्ही कोण आहात हे माहीत असलेलं आणि तुम्ही कुठं आहात हेही माहीत असलेलं एक माणूस गाठीशी ठेवा. दोन्ही गोष्टी त्याच माणसाला माहीत हव्यात. घरातल्या भावाला फक्त पत्ता दिलात तर कुठल्या गल्लीत, कुणासोबत गेला होतात हे तो पोलिसांना सांगू शकणार नाही. नुसत्या ओळखीच्या ग्रुपवर फोटो टाकलेत तर ते फोटोच राहतात.

बँकॉकमध्ये नगर जिल्ह्यातला एक तरुण भेटला, तो याच कारणानं लक्षात राहिला आहे. डेटिंग अॅपवर ओळख झालेल्या माणसाला त्यानं खोलीवर बोलावलं होतं. पाहुण्याचं ओळखपत्र खाली ठेवून घेण्याची पद्धत तिथल्या अनेक हॉटेलांत आहे. या मुलानं मात्र ते टाळता यावं म्हणूनच स्वतंत्र फ्लॅट घेतला होता, कागदावर काही राहू नये म्हणून. सकाळी पैसे आणि फोन गायब. तो पोलिसांत जायला तयार नव्हता. ‘ताई, ते घरी कळवतील,’ एवढंच म्हणत होता. ही भीती त्यानं आपल्या गावाकडून बांधून आणली होती. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक आहे, इंग्रजीत बोलता येतं, आणि पुरुषाला पुरुषानं लुबाडलं हे सांगणं तिथं गुन्ह्याची कबुली ठरत नाही. आम्ही गेलो. त्यांनी तक्रार लिहून घेतली, त्याची प्रत विम्याला लागतेच. घराचा पत्ता त्यांनी विचारला, वडिलांचा नंबर नाही. ओळखपत्र खाली ठेवायला लावणारं हॉटेल आपल्याला अडचणीचं वाटतं, पण तो कागद आपल्या बाजूचा असतो. पहिली भेट चार लोकांत, कॉफीच्या दुकानात. आपला ग्लास आपल्या नजरेसमोर. काही धोका पत्करला गेलाच असेल तर ७२ तासांच्या आत एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू करता येतात, जितक्या लवकर तितकं बरं. बँकॉकमध्ये थाई रेड क्रॉसचं अनॉनिमस क्लिनिक १९९१ पासून चालू आहे, तिथं यात लाजण्यासारखं काही मानत नाहीत.

सीमेचंही सांगायला हवं. बँकॉकहून आगगाडीनं दक्षिणेला जाऊन पुढं मलेशियात पेनांग गाठायचं, हा एकट्या प्रवाशांचा आवडता बेत असतो. प्रवास सुंदर आहे. पण पादांग बेसारला शिक्का बसला की तुम्ही पुन्हा कलम ३७७ च्या राज्यात येता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी ज्या कलमातून आपल्याला सोडवलं, तेच इंग्रजांनी दिलेलं कलम मलेशिया आणि म्यानमारच्या दंडसंहितेत अजून आहे. थायलंड कधी इंग्रजांची वसाहत झालं नाही, आणि तिथं आज असं कलम नाही. सीमा ओलांडण्याआधी डेटिंग अॅप काढून टाका, फोटो दुसरीकडं ठेवा. स्वतःला लपवणं मलाही आवडत नाही, पण परक्या पोलीस ठाण्यात एकटं बसणं त्याहून वाईट.

माझी एक पारलिंगी मैत्रीण नेहमी म्हणते की तिचा खरा प्रवास इमिग्रेशनच्या काउंटरवर संपतो. पासपोर्टवरचं नाव आणि लिंग, तिकिटावरचं नाव, थायलंडचं ऑनलाइन आगमनपत्र, जे मे २०२५ पासून पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं, हे सगळं अक्षरशः जुळलं पाहिजे. पासपोर्ट जुन्या नावाचा असेल तर तिकीटही जुन्या नावाचंच काढा, कितीही जिवावर आलं तरी. हार्मोन्सच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

आणि एवढ्या सावधगिरीनंतर जे पाहायला मिळतं ते भरभरून आहे. बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारातल्या वाट फ्रा केवच्या ओवऱ्यांमध्ये भिंतभर रामायण रंगवलेलं आहे, १७८ चित्रचौकटी. रामकियन म्हणतात त्याला. आपला मारुती ब्रह्मचारी, तिथला हनुमान सेतू बांधताना रावणाच्या मत्स्यकन्येच्या, सुवर्णमच्छाच्या प्रेमात पडतो आणि त्यांना मुलगाही होतो. मी त्या चित्रासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. देवळात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, चपला बाहेर, पाय बुद्धमूर्तीकडं करून बसू नका. बायकांनी भिक्षूला हात लावायचा नाही, वस्तूही हातात द्यायची नाही. चियांग माईच्या वाट चेदी लुआंगमधल्या नगरस्तंभाच्या देवळात बायकांना प्रवेशच नाही. फलक वाचून मला वाईट वाटलं, आपल्याकडची शनिशिंगणापूरची सगळी वादावादी आठवली, आणि मी बाहेरच्या झाडाखाली बसून राहिले. बँकॉकमध्ये वाटेत कुणी ‘आज राजवाडा बंद आहे’ म्हणून टुकटुकमध्ये बसवू पाहिलं तर सरळ पुढं चाला.

बाकीचं थोडक्यात. स्कूटरसाठी पासपोर्ट तारण ठेवू नका, आणि आरटीओकडून दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना न घेता चालवलीत तर विम्यावर विसंबू नका. ई-सिगारेट तिथं बेकायदा आहे. राजघराण्याबद्दल चेष्टेतही बोलू नका, कलम ११२ खाली तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. परतताना कुणाचीही बॅग, कुणाचंही पार्सल आणू नका, मग तो माणूस कितीही गोड असो. बँकॉकहून गांजा आणणारे मुंबई विमानतळावर वरचेवर पकडले जातात, आणि फुकट सहलीच्या बदल्यात सामान न्यायला एकटी, घरी काही न सांगता निघालेली पोरं फार सोपी सापडतात.

जायच्या आधी आपल्या माणसाशी समोरासमोर बसून ठरवून घ्या. रोज कोणत्या वेळी निरोप यायचा. थायलंड आपल्या दीड तास पुढं आहे, ते धरून. निरोप आला नाही तर किती वेळ थांबायचं. मग आधी हॉटेल, मग ११५५, मग बँकॉकची आपली वकिलात किंवा चियांग माईचा वाणिज्य दूतावास. आणि घरी कधी कळवायचं, कुणी, किती सांगायचं, हेही. हा भाग सगळे पुढं ढकलतात, कारण तो बोलताना घसा दाटतो. माझं ठरलेलं आहे. मी शुद्धीत असेन तर मला विचारल्याशिवाय सांगलीला फोन करायचा नाही. शुद्धीत नसेन तर आईला लगेच सांगायचं, मी कुठं आहे ते, आणि ती विचारेल ते सगळं.